कात्री मागितली की टोकायचं

मित्रांनो, माझं नाव ऐकून मागे सरकू नका. मी एक जुनी कात्री आहे आणि या दवाखान्यात सगळ्यात घाबरट कोण असेल, तर ती मीच आहे.

मला पाहिलंत तर तुम्ही मला कात्री म्हणणारही नाही. कापड दुकानातली कात्री कशी ऐसपैस, पाय फाकून बसलेली असते. मी म्हणजे दीड वीत लांब आणि पेन्सिलीहून बारीक अशी एक दांडी. एका टोकाला बोटं घालायची मूठ, दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याएवढी दोन पाती. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी मला घडवलं आहे. पोटाला पाडलेल्या छोट्या भोकातून मी आत जाते, शेजारच्या भोकातून दुर्बीण येते, ती आतलं चित्र टीव्हीवर दाखवते आणि ते बघत डॉक्टर मला चालवतात. आत मला स्वतःला काहीच दिसत नाही. ज्यावर ठेवतील ते कापायचं, एवढंच मला येतं. माझ्या भीतीचं मूळ इथेच आहे.

कारखान्यात मला घासलं, धार लावली, भिंगाखाली तपासलं आणि मऊ खोक्यात घालून सेलूला धाडलं. श्रीराम डॉक्टरांच्या दवाखान्यात मनकर्णाबाईंनी मला खोक्यातून बाहेर काढलं. त्या वालूरच्या, ऑपरेशन थिएटरातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. डॉक्टरांनी मला हातात घेतलं आणि हवेतच दोन-तीनदा उघडमिट केली. मनकर्णाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, रिकामी कात्री वाजवू नये. घरात भांडणं होत्यात."

"हे घर नाही, मनकर्णाबाई. थिएटर आहे."

"मग थेटरात होतील," बाई म्हणाल्या आणि मला त्यांच्या हातातून काढून घेऊन ताटात ठेवलं.

बाईंचे असे पुष्कळ नेम होते. कुणी कामाला निघालं की मागून हाक मारायची नाही. 'कुठं चाललाव?' असं तर चुकूनही विचारायचं नाही. कुणी टोकलंच, तर निघालेल्याने घरात परत यावं, घोटभर पाणी प्यावं, दोन मिनिटं बसावं आणि मगच निघावं. नाहीतर काम बिघडतं. हा नेम लक्षात ठेवा मित्रांनो, कारण माझं सगळं आयुष्य याच्याभोवती फिरलं.

आता माझं काम सांगते. आपल्या पोटात लिव्हर पित्त तयार करतं. ते पित्त एका मुख्य नळीतून आतड्यात जातं. त्या नळीला बाजूने एक छोटी पिशवी जोडलेली असते, तिला पित्ताशय म्हणतात. पिशवीत खडे झाले की माणूस पोट धरून गडबडा लोळतो. मग ती पिशवी काढून टाकावी लागते. पिशवीला मुख्य नळीशी जोडणारी छोटी नळी कापायची आणि पिशवीला रक्त पुरवणारी बारीक रक्तवाहिनी कापायची. दोनच गोष्टी. मुख्य नळीला मात्र धक्का लागता कामा नये. ती कापली तर पित्ताला वाटच राहत नाही. माणूस पिवळा पडतो, ताप चढतो, जीवावर बेततं.

पुस्तकातल्या चित्रात हे सगळं सरळ आखलेलं असतं म्हणे. पोटात तसं नसतं. मनकर्णाबाई म्हणायच्या, "दुधना नदीला समदेच वढे मिळत्यात, पण कोणता वढा कुठं मिळंल ते त्या शिवारात गेल्याबिगर कळत न्हाई." कुणाची छोटी नळी बोटभर लांब असते, तर कुणाची नसल्यासारखीच. कुणाची मुख्य नळीला बिलगून खाली उतरते, कुणाची मागून वळसा घालून पलीकडच्या अंगाने मिळते. कुणाच्या लिव्हरमधून एखादी वेगळीच नळी निघते आणि भलत्याच जागी येऊन मिळते. बाहेरून माणसं सारखी दिसतात, आत प्रत्येकाच्या वाटा वेगळ्या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जी धडकी भरली, ती आजही तशीच आहे.

सुरुवातीची वर्षं मात्र कौतुकाची गेली. श्रीराम डॉक्टरांच्या हाताला यश होतं. पार राणीसावरगावहून माणसं यायची. दुसरीकडे तास लागतो तिथे हे वीस मिनिटांत पिशवी बाहेर काढतात, असं लोक बोलायचे. डॉक्टरांनाही ते ऐकायला आवडायचं. ते नुसता हात पुढे करायचे आणि मनकर्णाबाई न बोलता मला त्यात ठेवायच्या. थिएटरात कुणी कुणाशी बोलत नसे, इतकं काम सुरळीत चालायचं. मलाही वाटू लागलं होतं की आपण फार शहाण्या आहोत. आंधळ्याला डोळे फुटल्यासारखा माझा तोरा होता.

मग चांगुणाबाई आल्या.

चांगुणाबाई वालूरच्याच, मनकर्णाबाईंच्या घरापासून चार घरं पलीकडच्या. दोन वर्षं दुखणं अंगावर काढलेलं. त्यामुळे पिशवी सुजून सुजून आत सगळ्याला चिकटली होती आणि त्यांची छोटी नळी जन्मापासूनच आखूड, जवळपास नव्हतीच. डॉक्टरांनी पिशवी वर ओढली, तशी तिच्याबरोबर मुख्य नळीही ताणून वर आली. टीव्हीवर ती छोट्या नळीसारखीच दिसली. डॉक्टरांनी तिच्यावर नळी बंद करणाऱ्या क्लिपा लावल्या आणि माझ्यासाठी हात पुढे केला.

मी मनकर्णाबाईंच्या हातात होते. त्यांचा हात एक क्षण थांबला, तो मला कळला. मग त्यांनी मला देऊन टाकलं.

मी कापलं. थोडं वर गेल्यावर डॉक्टरांना आणखी एक नळी लागली. "जादाची दिसतेय," ते म्हणाले, तिलाही क्लिप लावली आणि मला पुन्हा बोलावलं. मी तीही कापली. ती जादाची नव्हती, मित्रांनो. ती मुख्य नळीचाच वरचा भाग होती. एकाच नळीला मी दोनदा कापलं आणि मला पत्ता लागला नाही. बावीस मिनिटांत पिशवी बाहेर आली.

चौथ्या दिवशी चांगुणाबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, हुडहुडी भरली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांचा चेहराच उतरला. ते स्वतः गाडीत बसून त्यांना मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून आतडं वर आणलं आणि उरलेल्या नळीला जोडलं. चांगुणाबाई वाचल्या. पण पाच महिने त्यांच्या पोटातून एक नळी बाहेर होती आणि कमरेला पित्ताची पिशवी लटकत होती. त्यांचे यजमान भुजंगराव यांना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "चूक माझ्या हातून झाली." भुजंगराव खांद्यावरचा रुमाल घडी करत राहिले. हे मनकर्णाबाईंनी भुलीच्या डॉक्टरांना, वैदेही मॅडमना, सांगितलं तेव्हा मी ऐकलं आणि ताटातल्या ताटात गोठून गेले.

डॉक्टरांनी पित्ताशयाचं काम थांबवलं. चार महिने मी कपाटात पडून होते. कपाटात अंधार असतो, पण त्याची मला सवय होती. सवय नव्हती ती विचार करण्याची. मी कुणाला कापलं, हे मला पुन्हा पुन्हा आठवायचं.

एके दिवशी दुपारी अवजारं धुवायच्या खोलीत मनकर्णाबाई आम्हाला कपाटातून काढून पुसत होत्या. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. बाईंनी वर न बघता म्हटलं, "सर, मला दिसलं होतं."

"काय?"

"चांगुणाबाईची नळी. लय जाड वाटली मला. इतक्या वर्साची नजर हाय, छोटी नळी तसली नसती. बोलावं वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "तुमी कामाला निघाला व्हताव, सर. निघालेल्या माणसाला टोकू नये म्हणून मूग गिळून बसले."

डॉक्टर खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हे बाईंवर ओरडतील. पण ते म्हणाले, "मनकर्णाबाई, आजपासून तुम्ही मला टोकायचं."

"या बया! मी?"

"तुम्हीच. मी क्लिप मागितली की टोकायचं, कात्री मागितली की परत टोकायचं. 'कुठं?' म्हणून विचारायचं. नळी कुठून निघाली आणि कुठं चालली ते मी सांगणार. पिशवीला दोनच गोष्टी जोडलेल्या दिसल्या पाहिजेत आणि त्यांच्या मागं लिव्हर दिसलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर कात्री द्यायची नाही."

"आन् तुमी रागावलाव तर?"

"रागावलो तर अजिबातच द्यायची नाही. दोन मिनिटं थांबवायचं मला. घोटभर पाणी प्यायला हातमोजे काढता येत नाहीत, तेवढं माफ करा."

बाई हसल्या नाहीत. जन्मभर पाळलेला नेम उलटा करायचा म्हणजे सोपं नसतं. पहिल्या दिवशी त्यांनी 'कुठं?' विचारलं ते इतक्या हळू, की ते फक्त मला ऐकू आलं. डॉक्टर हात पुढे करून तसेच थांबले. "मोठ्यानं," ते म्हणाले. महिन्याभरात बाईंचा आवाज खोलीभर घुमायला लागला. एका पिशवीला आता वीसची पन्नास मिनिटं लागू लागली. लोक म्हणायचे, डॉक्टरांचा हात मंदावला. मला मात्र प्रत्येक वेळी 'कुठं?' ऐकलं की जरा धीर यायचा.

अशी सहा वर्षं गेली आणि चांगुणाबाई पुन्हा दवाखान्यात आल्या. या वेळी लेकीला घेऊन. शिवकन्या नाव तिचं, मानवतला दिलेली, पदरात तीन वर्षांची मुलगी. तिच्याही पित्ताशयात खडे होते. दोनदा दुखून झालं होतं आणि पिशवी सुजली होती. डॉक्टर म्हणाले, "मी परभणीला चिठ्ठी देतो. तिथं करून घ्या."

चांगुणाबाई म्हणाल्या, "दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक बी फुंकून पितो. मला फुंकणारा डाक्टर पायजे. इथंच करा."

हे कळलं तेव्हा मनकर्णाबाईंनी मला हातात घेतलं होतं. त्यांचा हात बर्फासारखा गार पडला. मी तर लोखंडाचीच, पण त्या दिवशी कोण जास्त गार होतं ते सांगता येणार नाही. आईला कापलं, आता लेक. आणि मनकर्णाबाईंच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. त्यांना त्या वेळी दिसलं होतं, हे चांगुणाबाईंना अजून माहीत नव्हतं. रोज एकाच नळावर पाणी भरायच्या दोघी, पण बाईंनी सहा वर्षं त्याचा ब्रही काढला नव्हता.

शिवकन्येला टेबलावर घेतलं. मॅडमनी भूल दिली. दुर्बीण आत गेली. पिशवी लालबुंद आणि ताठ झाली होती. डॉक्टर हळूहळू चिकटलेलं सोडवत गेले. तास झाला. छोटी नळी दिसली. रक्तवाहिनी दिसली. रक्तवाहिनीच्या मागे लिव्हर स्वच्छ दिसत होतं; तिच्यावर क्लिपा लावताना आणि कात्री मागताना बाईंनी टोकलं, डॉक्टरांनी उत्तर दिलं, मी कापलं. आतापर्यंत सगळं नेमाने झालं होतं. पण छोट्या नळीच्या मागे एक बारीक दोरा आडवा आला होता. तो सोडवल्याशिवाय मागचं लिव्हर दिसेना.

"चिकटलेला पापुद्रा दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "क्लिपेची गरज नाही. कात्री."

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"हा दोरा."

"कुठून निघाला?"

"वरून. लिव्हरकडून येतोय."

"आन् कुठं चालला?"

डॉक्टरांनी निरखून पाहिलं. टीव्हीवर तो दोरा छोट्या नळीच्या मागे जाऊन दिसेनासा होत होता. वैदेही मॅडम म्हणाल्या, "सर, नाडी वाढतेय. फार लांबवायला नको." खोलीत फक्त यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. दोरा म्हणजे दोरा, एका फटक्यात तुटणारा. मी आजवर असे शेकडो कापले होते.

"सिस्टर, पापुद्रा आहे तो. कात्री द्या."

बाईंनी मला घट्ट धरलं.

"सिस्टर!" डॉक्टरांचा आवाज चढला. सहा वर्षांत पहिल्यांदा चढला होता. "वेळ जायलाय. कात्री!"

मित्रांनो, त्या क्षणाची भीती मी आजवर विसरले नाही. बाईंचं हृदय त्यांच्या बोटांतून माझ्या मुठीत धडधडत होतं. समोर डॉक्टर, ज्यांच्यासमोर अख्खा तालुका हात जोडतो. टेबलावर चांगुणाबाईंची लेक. मग त्या बोलल्या.

"न्हाई देत."

मॅडमनी यंत्रावरून मान वर केली.

"तुमी रागावलाव, सर. अजिबातच द्यायची न्हाई, असं तुमीच म्हणलाव. दोन मिनिटं थांबा."

डॉक्टरांनी अवजारं होती तशी स्थिर ठेवली. एक पाऊल मागे सरकून डोळे मिटले. मॅडमनी नाडी सांभाळली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा फिरला. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मनकर्णाबाई, हा कुठं चालला ते मला माहीत नाही."

"मग कापायचा न्हाई."

"नाही कापायचा. ही छोटी नळीही सोडवत बसायची नाही." मग त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला. "पिशवी वरच्या बाजूनं उघडतो. खडे काढतो. खालचा गळ्याकडचा भाग तसाच ठेवून शिवून टाकतो. कात्री पिशवीच्याच अंगावर चालेल, नळ्यांच्या आसपाससुद्धा जाणार नाही."

"मागं काय हाय?"

"मागं पिशवीचीच पोकळी. दिसतेय मला."

तेव्हा बाईंनी मला दिलं. मी पिशवीची वरची बाजू कापली. आतून मोहरीएवढे आणि चिंचोक्याएवढे खडे निघाले. डॉक्टर एकेक टाका घालत गेले. अडीच तास लागले. शिवकन्या शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी पाणी मागितलं आणि मग मुलगी कुठे आहे ते विचारलं.

महिन्याभराने परभणीहून तिच्या नळ्यांचा फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून बाईंना दाखवला. तो दोरा पापुद्रा नव्हता. लिव्हरच्या उजव्या भागातलं पित्त आणणारी ती नळी होती. ती मुख्य नळीला मिळायच्या ऐवजी पिशवीच्या छोट्या नळीतच येऊन मिळाली होती. शेकडो माणसांत एखाद्याला असतं तसं. मी ती कापली असती, तर पोटात पित्त सांडत राहिलं असतं आणि कारण कळेपर्यंत पोर हातची गेली असती.

बाईंनी मनातलं सांगितलं होतं ते मात्र या फोटोच्या आधीच, ऑपरेशनच्याच दुपारी. मी धुवायच्या तस्तात पडले होते. चांगुणाबाई लेकीची खुशाली विचारायला दारापर्यंत आल्या आणि मनकर्णाबाईंनी ओले हात पदराला पुसून सगळं सांगून टाकलं. तेव्हा मला दिसलं होतं, मी बोलले न्हाई, असं.

चांगुणाबाईंनी चौकटीला हात टेकवला. मला वाटलं, आता या बाईंचं तोंडही बघणार नाहीत.

"पाच महिने कमरेला पिशवी बांधून हिंडले मी, मनकर्णे," त्या म्हणाल्या. "तू नळावर माझी घागर उचलून देत व्हतीस. तेवा बी बोलली न्हाईस."

"न्हाई बोलले."

"माझ्या टायमाला गप बसलीस. माझ्या पोरीच्या टायमाला बोललीस." त्यांनी डोळे पुसले. "मी काय तुला माफ बिफ करायले न्हाई. पर तू गेल्यावर, पुढल्या बाईच्या टायमाला कोण बोलंल, ते तेवढं बघून ठेव."

त्या गेल्या. बाईंनी मला तस्तातून उचललं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिल्या.

ते त्यांनी बघून ठेवलं. नंतर थिएटरात जे कुणी कामाला आलं, त्या प्रत्येकाच्या हातात बाईंनी आधी मला दिलं आणि डॉक्टर कितीही ओरडले तरी न सोडण्याचा सराव करून घेतला. डॉक्टरही त्या सरावात मनापासून ओरडायचे. माझी धार आता गेली आहे. दांडीवरचं आवरण ठिकठिकाणी उडालं आहे. पोटात जायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही. नव्या सिस्टर सविताबाई मला खिडकीतल्या ताटात ठेवतात, सरावापुरती.

गेल्या महिन्यात मनकर्णाबाई कामावरून निवृत्त झाल्या. श्रीफळ झालं, साडी झाली. पिशवी काखेला लावून त्या पायऱ्या उतरायला लागल्या तोच मागून डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं, "मनकर्णाबाई, कुठं चाललात?"

सगळे चपापले. निघालेल्या बाईला मागून टोकलं! बाई जागीच थांबल्या. परत चार पायऱ्या चढून आल्या, बाकावर बसल्या, सविताबाईंनी दिलेलं पाणी घोटभर प्याल्या. चांगली दोन मिनिटं बसल्या. मग उठून म्हणाल्या, "इथून निघाले, सर. वालूरला चालले. दोनी टोकं दिसायलेत मला."

उत्तर मिळालं, तशी पायरीपाशी येऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी वाट सोडली.

मित्रांनो, अवजारांची काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगायला हवं. गंजू देऊ नका, तेल घाला, जागच्या जागी ठेवा. ते तर कराच. पण मला धार आहे, आत बघायला डोळे नाहीत आणि टोकायला तोंडही नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. माझ्यासारखं काहीही कुणाच्या हातात देताना, तो माणूस कितीही मोठा असला तरी, आधी त्याला टोका. मी अजून घाबरते. विचारल्याशिवाय मला कुणाच्या हातात देऊ नका.